रांजणावरचं झाकण

तीन वर्षं माझ्या घरच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता. तो टाकायचा राहून गेला होता, असं नाही. मी जाणूनबुजून टाकला नव्हता आणि जो कुणी ‘टाका’ म्हणायचा त्याच्याशी वाद घालायचो. आज त्याच घरात त्याच राउटरला पासवर्ड आहे, आणि तो असायलाच हवा असं मी वर्गातल्या मुलांना सांगतो. मधल्या काळात काय घडलं ते लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझं मत चुकलं एवढंच असतं तर लिहायची गरज नव्हती. पण त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

मी शहाद्याला एका माध्यमिक शाळेत शिकवतो. घर वडिलांच्या वेळचं, पुढे रुंद दगडी ओटा. २०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत आणि सगळं शिकणं मोबाइलवर आलं. धडगाव, अक्कलकुव्याकडची बरीच मुलं आमच्या गावात खोली करून शिकतात. त्यातली काही घरी गेली आणि काही दिवसांत परत आली. सातपुड्यातले पाडे विखुरलेले, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत मध्ये टेकडी, आणि टॉवरची रेंज दरीत उतरत नाही. तासभर चढून गेल्यावर दोन काड्या दिसतात आणि तास सुरू होईपर्यंत त्याही जातात. शहाद्यात रेंज होती, पण रिचार्जला पैसे नव्हते. माझ्याकडे नुकतंच फायबरचं कनेक्शन आलं होतं. मी नेट बसवणाऱ्या मुलाला विचारून पासवर्ड काढून टाकला आणि ओट्यावर बसायला सतरंजी टाकली.

पहिल्या संध्याकाळी तीन मुलं आली. आठवड्याभरात दहा-बारा येऊ लागली. तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून, मांडीवर वही घेऊन बसायची. मी आतून ऐकायचो. कुणी गणिताचा व्हिडिओ लावलेला, कुणी इंग्रजीचा धडा मोठ्याने म्हणतंय. त्या वर्षात मला समाधान देणारी ती एकच गोष्ट होती.

माझ्या या वागण्याला घरचाच आधार होता. माझे वडील दर वर्षी चैत्र-वैशाखात प्रकाशा गावाच्या रस्त्यावर पाणपोई चालवायचे. तापीकाठी केदारेश्वराला जाणारे लोक, बैलगाडीवाले, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे तिथे थांबायचे. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला त्या पाण्याची किंमत कळेल. वडील कुणाला जात विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. इंटरनेट हे आजच्या पोरांचं पाणी आहे आणि पाण्याला कुलूप लावायचं नसतं, असं मी धरून चाललो होतो.

समजावणारे नव्हते असं नाही. शाळेतले एक सहकारी दोनदा म्हणाले, “सर, काही भानगड झाली तर निस्तरायला तुम्हालाच लागेल.” मी म्हटलं, “माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? पगार बँकेत आणि पुस्तकं कपाटात.” आई आतून म्हणाली, “खरंच, आपलाकडे शे काय?” मला ते पटलं. गरिबाच्या घराला कडी लागत नाही, हेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

खरं तर मला तेव्हाच उमगायला हवं होतं. आधारचा देशातला पहिला क्रमांक दिला गेला तो आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. त्या दिवसापासून आमच्या भागातल्या माणसाकडे, त्याच्या घरात धान्याचं पोतं असो वा नसो, एक गोष्ट चोरण्यासारखी निश्चित झाली. त्याचं नाव. रेशन, शिष्यवृत्ती, मजुरी, बँक, सगळं त्या नावाला आणि त्यामागच्या मोबाइल नंबराला जोडलं गेलं. मी शिक्षक असून हा बदल ओळखला नाही.

आता जे घडलं ते सांगतो.

२०२३ च्या पावसाळ्यात एक मुलगी ओट्यावर बसून प्रवेशाचा अर्ज भरत होती. बारावी झालेली, नर्सिंगला जायचं होतं. फी भरायची होती आठशे रुपये, वडिलांच्या एटीएम कार्डावरून. वडील मिरची तोडणीला जाणारे. नंदुरबारची मिरची बाजारात लाल गालिच्यासारखी पसरलेली फोटोंत सगळ्यांनी पाहिली असेल. ती तोडणारे, वेचणारे, वाळवणारे हात या लोकांचे असतात. त्या कार्डामागे त्या मजुरीतून साठलेली शिल्लक होती.

ती आत येऊन म्हणाली, “सर, हे बघा ना, काहीतरी इशारा येतोय.” पडद्यावर लाल खूण होती आणि कनेक्शन सुरक्षित नाही अशा अर्थाची ओळ. मी चष्माही न लावता म्हटलं, “अगं, या साइटींचं नेहमीचंच असतं. खाली अॅडव्हान्स्ड लिहिलंय ते दाब आणि पुढे जा.”

ती पुढे गेली, कारण मी सांगितलं होतं. पान हुबेहूब होतं. तिने कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले, ओटीपी टाकला. फी भरल्याची पावती आली नाही. संध्याकाळी वडिलांच्या फोनवर मेसेज दिसला की खात्यातून सहा हजार चारशे रुपये गेले.

ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा मी काय बोललो ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी म्हणालो, “तू कुठली तरी भलतीच लिंक उघडली असशील.” ती काही बोलली नाही. मान खाली घालून उभी राहिली. मी मोबाइलला दोष दिला, साइटला दिला, शेवटी तिला दिला. माझ्या घरातल्या त्या पांढऱ्या डबीकडे माझं लक्षही गेलं नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे, हे मला माहीत होतं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, हेही माहीत होतं. पण चूक तिचीच असं गृहीत धरल्यामुळे मी दोन दिवस घालवले. फोन केला तोवर पैसे पुढे सरकून गेले होते.

दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. धडगावकडची, पावरा समाजातली. ती आता नाशिकला एका कंपनीत नेटवर्कचं काम बघते. फराळ झाल्यावर सहज बोलण्यात त्या मुलीचा विषय निघाला. तिने बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, “सर, राउटर कुठेय?”

तिने लॅपटॉप उघडून पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ टाकलं. नाव आणि पासवर्ड विचारणारं एक पान आलं. तिने दोन्ही ठिकाणी ‘अॅडमिन’ लिहिलं आणि पान उघडलं. तिने काही फोडलं नव्हतं, कुठली युक्ती केली नव्हती. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड डबीच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो, आणि तो मी कधीच बदलला नव्हता. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि या पानाचा वेगळा, हेही मला त्या दिवशी कळलं. पहिला घरात येण्याचा. दुसरा घराचे दरवाजे कुठे असावेत ते ठरवण्याचा.

एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे डीएनएस सर्व्हरचे दोन आकडे होते. “हे तुमच्या नेटवाल्याचे नाहीत. हे कुणी टाकले?”

मला डीएनएस हा शब्द ठाऊक नव्हता. तिने समजावलं ते असं. आपण साइटचं नाव टाकतो, पण यंत्रांना आकड्यांतला पत्ता लागतो. नाव दिलं की पत्ता सांगणारा जो असतो तो डीएनएस. राउटर घरातल्या प्रत्येक मोबाइलला सांगतो की पत्ता अमक्याला विचार. तो अमका बदलला की मोबाइल निमूट त्याचं ऐकतो. “सर, समजा प्रकाशाच्या फाट्यावरची पाटीच कुणी फिरवून ठेवली. गाडी चांगली, ड्रायव्हर चांगला, पण गाव भलतंच येणार. तुम्ही पत्ता बरोबर टाकला असेल, तिनेही बरोबर टाकला होता. पाटी तुमच्या घरात फिरवली होती.”

आणि तो इशारा? “पान खऱ्या साइटचं नाही, हे ब्राउझरला ओळखता येतं. तेच तो सांगत होता.” पुढे ती काही म्हणाली नाही. तिला म्हणायची गरज नव्हती.

मी घाईने विचारलं, “ओट्यावरच्या पोरांपैकी कुणी केलं असेल का?” तिने लगेच मान हलवली. दीड वर्षापूर्वी मी फाटकावर कॅमेरा बसवला होता. बसवणाऱ्याने तो बाहेरगावाहून मोबाइलवर दिसावा म्हणून नेटवाल्याकडून कायमचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, घ्यायला लावला होता. त्यानेच राउटरमध्ये बाहेरून सेटिंग करण्याची सोय चालू करून ठेवली होती, आणि कॅमेऱ्याची पेटी डीएमझेड नावाच्या खान्यात टाकली होती. त्याचा अर्थ असा की बाहेरून येणारा जो कुणी कुठे जायचं ते सांगत नाही, त्याला थेट त्या पेटीपाशी सोडायचं. आणि बाहेरून सेटिंग करण्याच्या सोयीमुळे माझ्या राउटरचं ते पान जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून उघडत होतं, आणि त्याची किल्ली स्टिकरवर छापलेली होती. असे उघडे दरवाजे शोधत फिरणारी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. त्यांना शहादा माहीत नसतं, मी माहीत नसतो, मी गरीब की श्रीमंत तेही माहीत नसतं. “कुणी केलं ते आता सांगता येणार नाही. पण मुलांवर संशय घेऊ नका,” ती म्हणाली. मला त्या वाक्याने बरं वाटलं आणि लाजही वाटली. संशय घ्यायला मी किती पटकन तयार झालो होतो!

मग तिने मला ती गोष्ट समजावली जिने माझं मत मुळापासून बदललं. घरातल्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक पत्ता देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते घरातल्या घरात चालतात. लाखो घरांत हेच आकडे असतात. बाहेरच्या जगात मात्र सगळ्या घराला मिळून एकच पत्ता असतो. ती आश्रमशाळेत शिकलेली, म्हणून तिने तिथलाच दाखला दिला. सगळ्या मुलांची पत्रं शाळेच्या एकाच पत्त्यावर येतात, आतल्या आत कोणतं कुणाचं ते मुख्याध्यापक वाटतात. मुलाने बाहेर पत्र पाठवलं तर पाकिटावर शाळेचाच पत्ता जातो. राउटर हेच करतो. “ओट्यावर बसून कुणीही काहीही केलं, तरी बाहेर ते तुमच्याच नावाने जातं, सर.”

मी गप्प बसलो. तीन वर्षं मी समजत होतो की पाणी वाटतोय. मी कोऱ्या कागदावर सही करून तो ओट्यावर ठेवत होतो.

त्या रात्री मला पंधरा वर्षांपूर्वीची बातमी आठवली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल आला होता, आणि त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वाय-फाय शोधायची मोहीम हाती घेतली. तेव्हा मी ते वाचून पान उलटलं होतं. मोठ्या शहरातल्या गोष्टी, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं काय काम! तार आमच्या गल्लीपर्यंत आली तेव्हा ती बातमीही तिच्याबरोबर आली, हे मी लक्षात घेतलं नाही.

माझ्या राउटरचं झालं तेही नवं नव्हतं. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमांमधले डीएनएस असेच बदलले गेले होते आणि लोकांना बँकांच्या खोट्या पानांवर नेलं जात होतं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ हत्यार काय होतं, तर कंपन्यांच्या मूळ नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी. २०१७ च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले. कारण तेच, न बदललेला मूळ पासवर्ड. कंपनीला ग्राहकांना आवाहन करावं लागलं की पासवर्ड बदला. एवढ्या सगळ्या गोष्टींचं मूळ एका छोट्या स्टिकरवर सापडावं, याचं मला अजून वाईट वाटतं. हे शिकवायला फार मोठं ज्ञान लागत नाही, आणि तरी कुणी शिकवलेलं नसतं. माझ्यासारख्या शिक्षकांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विद्यार्थिनीने एकेक सेटिंग माझ्या हाताने करून घेतली. “मी करून दिलं तर तुम्ही विसराल,” म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं, ते क्रमाने देतो.

आधी राउटर मूळ स्थितीला आणला, म्हणजे मागच्या बारीक छिद्रात टाचणी दहा सेकंद दाबून धरली. मग लगेच त्या आतल्या पानाचा पासवर्ड बदलला. राउटरचं आतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून नवं करून घेतलं, कारण जुन्यातली भोकं सगळ्या जगाला माहीत झालेली असतात. डीएनएस नेटवाल्याकडून आपोआप येईल असा ठेवला. बाहेरून सेटिंग करायची सोय बंद. डीएमझेड रिकामा. यूपीएनपी बंद, ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला न विचारता बाहेरचा दरवाजा उघडून घेऊ शकतं. नेटवाल्याला फोन करून स्टॅटिक आयपीही सोडून दिला. कॅमेरा आता त्याच्या कंपनीच्या अॅपमधून दिसतो, त्यासाठी दरवाजा उघडावा लागत नाही. कॅमेऱ्याचाही मूळ पासवर्ड बदलला.

मग वाय-फायचं कुलूप. यादीत चार-पाच पर्याय होते. डब्ल्यूईपी २००१ मध्येच मोडलं गेलंय, त्याला हात लावायचा नाही. डब्ल्यूपीए-२ हे २००४ पासूनचं, एईएस या पर्यायासह घेतलं तर घरासाठी अजून चालतं. डब्ल्यूपीए-३ हे २०१८ चं, राउटरमध्ये असेल तर तेच घ्यावं. जुने मोबाइल जोडले जात नसतील तर दोन्ही एकत्र चालण्याचा पर्याय ठेवावा. पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत घालता येतो. मी मुलांची नावं, जन्मतारखा, गाडीचा नंबर असलं काही घातलं नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार अहिराणी शब्द जोडले. ते कुठल्या शब्दकोशात सहज सापडायचे नाहीत, आणि आईच्या लक्षात राहतात.

डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण होतं, ते दाबलं की पासवर्ड न टाकता मोबाइल जोडता येतो. सोयीचं वाटलं. तिने वहीवर हिशेब करून दाखवला. त्यामागे आठ आकडी पिन असते. आठ आकड्यांच्या दहा कोटी शक्यता व्हायला हव्यात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. पहिल्या चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता, पुढच्या तीन आकड्यांच्या एक हजार. बेरीज अकरा हजार. ही त्रुटी २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाली आहे. गणिताचा शिक्षक असल्याने एवढा हिशेब मला पुरला. ते बंद केलं.

मी विचारलं, “नेटवर्कचं नाव लपवलं तर?” ती म्हणाली, उपयोग नाही, शोधणाऱ्याला ते हवेतून दिसतंच. ठरावीक मोबाइलच आत येतील अशी यादी करण्याचंही तसंच. ती यादी प्रत्येक यंत्राच्या क्रमांकावरून होते, आणि तो क्रमांकही हवेतून वाचता येतो आणि त्याची नक्कल करता येते. असल्या उपायांनी मनाला सुरक्षित वाटतं आणि खरं काम राहून जातं.

वरच्या मजल्यावर मी दुसरा एक राउटर बसवला होता आणि तिथलं नेट सारखं तुटायचं. त्याचं कारणही त्या दिवशी कळलं. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते आणि दोन्ही पत्ते वाटत होते. एका शाळेत दोन मुख्याध्यापक झाल्यावर जे होतं ते झालं होतं. वरच्याला वेगळा पत्ता दिला, त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, आणि केबल त्याच्या बाहेरच्या पोर्टातून काढून आतल्या पोर्टात लावली. आता तो नुसता आवाज वरच्या मजल्यापर्यंत पोहोचवतो, हुकूम खालच्याचाच चालतो.

एवढं करून मी राउटर बंद करून चालू केला आणि ओटा रिकामा झाला.

ते चार दिवस मला जड गेले. मुलं यायची, मोबाइल बघायची आणि निघून जायची. गल्लीत कुणीतरी म्हणालं, “शेवटी सरांनीही कुलूप लावलंच.” मला ते लागलं. मी तिला फोन केला आणि म्हटलं, “हे बरोबर असेल, पण मला हे जमणार नाही.” ती म्हणाली, “सर, तुम्हाला द्यायचं बंद करा असं मी म्हटलंच नाही. गेस्ट नेटवर्क चालू करा.”

त्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातला लॅपटॉप, कॅमेरा, राउटरचं पान, यातलं काही दिसत नाही. पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचीही सोय असते, म्हणजे एकाच्या मोबाइलमधला बिघाड दुसऱ्याकडे पोहोचत नाही. मी त्याला वेगळा पासवर्ड ठेवला. दर महिन्याच्या एक तारखेला तो बदलतो आणि येणाऱ्या मुलांना तोंडी सांगतो. सांगताना त्यांचं नाव, खोली कुठे, काय शिकतोस, हे विचारणं होतं. तीन वर्षं उघड्या वाय-फायवर बसलेल्या कितीतरी मुलांची नावं मला माहीत नव्हती. आता माहीत असतात. कुलूप लावल्यावर ओळख वाढली, हे मला अपेक्षित नव्हतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गेस्ट नेटवर्कनेही बाहेर जाणारं नाव माझंच असतं. म्हणून ते मी ओळखीच्या मुलांनाच देतो. अनोळखी माणसाला, वाटसरूला, बाजाराला आलेल्याला नेट मिळू नये का? मिळावं, आणि त्याचा रीतसर मार्गही आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला, कुणीही आपल्या दुकानात सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख अॅपमधून पटवली जाते, म्हणजे प्रत्येक जण स्वतःच्या नावाने बाहेर जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मी गेले काही दिवस मागे लागलो आहे. पाणपोई रस्त्यावरच असावी, आणि तिची देखरेख करणारं कुणी असावं.

पाणपोईवरून पुन्हा वडील आठवतात. लहानपणी मी त्यांच्यासोबत तिथे बसायचो. मोठे रांजण, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं. ते पाणी कुणालाही द्यायचे, पण रांजणात हात कुणालाही घालू द्यायचे नाहीत. रांजणावर लाकडी झाकण असायचं आणि लांब दांड्याचं ओगराळं. तहानलेल्याने ओंजळ धरायची, वडील वरून पाणी ओतायचे. संध्याकाळी रांजण रिकामे करून घासायचे. मी त्यांचं देणं तेवढं लक्षात ठेवलं आणि झाकण विसरलो. उघड्या रांजणातलं पाणी पिऊन कुणी आजारी पडलं असतं, तर त्यांनी ‘मी तर पुण्यच करत होतो’ असं म्हटलं नसतं.

त्या मुलीचे सहा हजार चारशे रुपये मी दिवाळीनंतर तिच्या वडिलांच्या हातात दिले. ते घेत नव्हते, म्हणत होते की सरांची काय चूक. मी त्यांना डीएनएस समजावू शकलो नाही. एवढंच सांगितलं की चूक माझ्या घरात होती, तुमची मुलगी मला विचारायला आली होती, आणि मी तिला चुकीचं सांगितलं. ती बाजूला उभी होती. तिची माफी मी तिच्यासमोर, तिच्या वडिलांसमोर मागितली. पैसे परत करणं त्यामानाने सोपं होतं.

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर राउटर उलटा करून बघा. बुडाशी स्टिकर असेल, त्यावर आतल्या पानाचं नाव आणि पासवर्ड छापलेला असेल. तो टाकून पान उघडलं, तर तो आजच बदला, आणि डीएनएसच्या ओळीत कुठले आकडे आहेत ते नेटवाल्याला फोन करून विचारून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि घरातलं पोर मोबाइल घेऊन आलं, ‘हा इशारा काय येतोय’ म्हणालं, तर चष्मा लावा आणि तो पूर्ण वाचा.